पिकांच्या दप्तरांतील दुबार नकला

भाताचें खाचर आठ-दहा दिवस पुराच्या पाण्याखालीं बुडून राहिलें, तर पाणी ओसरल्यावर बहुतेक जातींचीं रोपें पिवळीं पडून कुजून जातात, हा अनुभव खाडीकांठच्या व नदीकांठच्या प्रत्येक शेतकऱ्यास आहे. परंतु भाताच्या कांहीं थोड्या जाती अशा आहेत कीं, त्या सुमारें पंधरवडाभर बुडून राहिल्या तरी पाणी उतरतांच पुन्हां हिरवा कोंब काढतात. माती तीच, पाणी तेंच, खत तेंच. मग हा फरक कोठून आला? याचें उत्तर शास्त्रज्ञांस सन २००६ मध्यें सांपडलें. त्या टिकाऊ जातींच्या अंगीं एका जुन्या जनुकाची एक जादा नक्कल आहे, आणि इतर जातींत ती मुळींच नाहीं किंवा असली तरी निकामी स्वरूपांत आहे. नक्कल जादा असल्यानें पीक कसें वांचतें, अशा नकला उत्पन्न कशा होतात व पुढें त्यांचें काय होतें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय नवा आहे, परंतु अवघड नाहीं. आणि ज्याच्या घरीं जुनें बियाणें आहे त्याच्या तर तो अगदीं हिताचा आहे.

जनुक म्हणजे काय हें प्रथम थोडक्यांत सांगणें जरूर आहे. प्रत्येक झाडाच्या प्रत्येक पेशींत त्या झाडाच्या अंगगुणांचें एक दप्तर असतें. हें दप्तर अति सूक्ष्म अशा लांब धाग्यांवर लिहिलेलें असून त्या धाग्यांच्या गुंडाळ्यांस गुणसूत्रें म्हणतात. भाताच्या पेशींत गुणसूत्रांच्या १२ जोड्या आहेत. सर्व मजकूर चारच रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, व त्यांतील एकेक पुरा हुकूम म्हणजे एकेक जनुक होय. हुकूम वाचून पेशी त्याप्रमाणें एक प्रथिन तयार करते आणि तें प्रथिन नेमून दिलेलें काम करतें. भाताचें हें सबंध दप्तर वाचण्याचें काम दहा देशांनीं मिळून हातीं घेतलें होतें व तें सन २००५ मध्यें पुरें झालें. त्यांत भारताकडे ११ व्या गुणसूत्राचा कांहीं भाग होता आणि तें काम दिल्ली येथें झालें. एकंदर ३७ हजारांहून अधिक जनुकें त्या वेळीं मोजण्यांत आलीं. आमचीं नोकरीचीं सर्व वर्षें महसूल खात्याच्या दप्तरांत गेलीं असल्यामुळें या गोष्टी आम्हांस दप्तराच्याच भाषेंत लवकर समजतात. आणि सात-बाराच्या उताऱ्याशीं आमच्या वाचकांचा जन्माचा संबंध असल्यामुळें त्यांसहि ती भाषा परकी वाटणार नाहीं.

आतां नक्कल कशी होते तें पाहूं. परागकण व बीजांड तयार होतांना जोडींतील दोन गुणसूत्रें शेजारीं शेजारीं येऊन आपसांत मजकुराची अदलाबदल करितात. आईकडील व बापाकडील गुण मिसळतात ते याच वेळीं. दोन कागद एकावर एक बरोबर बसले असतील तर अदलाबदल चोख होते. परंतु एखादे वेळीं एक कागद थोडा सरकून बसतो; मग एकाकडे तोच परिच्छेद दोनदां लिहिला जातो व दुसऱ्याकडून तो अजीबात वगळला जातो. अशा रीतीनें झालेली नक्कल मूळ जनुकाच्या अगदीं शेजारीं, जणूं पोटहिश्शासारखी, बसलेली असते.

दुसरी रीत निराळी आहे. झाडांच्या दप्तरांत कांहीं मजकूर असा असतो कीं, तो स्वतःची नक्कल काढून भलत्याच पानावर जाऊन चिकटतो, व जातांना कधीं कधीं शेजारचा हुकूमहि ओढून नेतो. टोमॅटोच्या कांहीं जातींचीं फळें गोल न होतां लांबट होतात, त्याचें कारण हेंच आहे असें सन २००८ मध्यें दिसून आलें. १० व्या गुणसूत्रावरील एक जनुक अशा उपऱ्या मजकुराबरोबर ७ व्या गुणसूत्रावर जाऊन पडलें. तेथें शेजार निराळा मिळाल्यामुळें तें फळांत जोरानें काम करूं लागलें व फळ लांबलें. बाजारांत आपण लांबट टोमॅटो निवडून घेतों तेव्हां एका भरकटलेल्या नकलेचें फळ आपल्या हातांत असूं शकतें.

तिसरी रीत सर्वांत मोठी: एखादा हुकूम नव्हे, तर सबंध दप्तरच दुबार होतें. कधीं एकाच जातीचें दप्तर दुप्पट होतें, तर कधीं दोन निराळ्या जातींचा संकर होऊन दोघांचींहि दप्तरें एकाच रोपांत नांदूं लागतात. गवताच्या कुळांत, म्हणजे भात, ज्वारी, गहू, ऊंस, मका यांच्या समाईक पूर्वजांत, अशी दुबारी सुमारें सात कोटी वर्षांपूर्वीं किंवा त्याच्याहि आधीं झालेली आहे, व तिच्या खुणा या सर्व पिकांत अद्याप वाचतां येतात. भाताच्या ११ व्या व १२ व्या गुणसूत्रांचीं टोकें तर एकमेकांची नक्कल आहेत हें उघड दिसतें. सोयाबीनच्या पूर्वजांत दुबारी दोनदां झाली. पहिली सुमारें ५ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीं व दुसरी सुमारें १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीं. म्हणून आज सोयाबीनचीं सुमारें तीन चतुर्थांश जनुकें एकाहून अधिक प्रतींत आहेत. वसई-आगाशीकडे ज्याचीं सुकेळीं करितात तें राजेळी केळें तीन संच बाळगणारें आहे. तीन संचांच्या जोड्या जुळत नाहींत, म्हणून त्यांत बी धरत नाहीं व लागवड मुनव्यांनींच करावी लागते.

नक्कल झाली; पुढें काय? येथेंच या विषयाचें मर्म आहे. कचेरींत एखाद्या उताऱ्याची एकच प्रत असली, तर तिजवर कोणी खाडाखोड केल्यास काम बंद पडतें. झाडाचेंहि तसेंच आहे. जरुरीच्या एकुलत्या एका जनुकांत अक्षर चुकलें कीं तें रोप दुबळें होतें किंवा मरतें, आणि त्याबरोबर ती चूकहि मरते. म्हणून एकुलतीं एक जनुकें लाखों वर्षें जवळजवळ होतीं तशींच राहतात. परंतु प्रती दोन झाल्या म्हणजे एक प्रत काम चालविते व दुसरीवर पहारा राहत नाहीं. तिच्यांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षरें बदलत जातात. बहुतेक वेळां या बदलांचा परिणाम एकच होतो: मजकूर वाचेनासा होऊन ती नक्कल रद्दी बनते. सर्व जीवांच्या दप्तरांत अशी रद्दी पुष्कळ आहे. दुबार झालेल्या जनुकांपैकीं बरींचशीं कांहीं दशलक्ष वर्षांत अशा रीतीनें नष्ट होतात, असा हिशेब सन २००० मध्यें मांडण्यांत आला. थोड्या नकलांच्या बाबतींत मात्र बदललेल्या अक्षरांतून एक नवाच उपयुक्त हुकूम तयार होतो. जुनें काम मूळ प्रत करीत असते व नवें काम नक्कल करूं लागते.

ही कल्पना अगदीं अलीकडची नव्हे. जे. बी. एस. हाल्डेन या इंग्रज पंडितानें सन १९३३ मध्येंच ती थोडक्यांत सुचविली होती. हे हाल्डेन सन १९५७ मध्यें भारतांत कायमचे राहावयास आले व सन १९६४ मध्यें भुवनेश्वर येथें वारले. ज्या ओडिशांत त्यांचा देह पडला त्याच प्रांताच्या एका भातांत त्यांच्या कल्पनेचें एक उत्तम उदाहरण दडून होतें, हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो. पुढें सुसुमु ओनो यांनीं सन १९७० मध्यें याच विषयावर सबंध ग्रंथ लिहिला, आणि जीवसृष्टींत नवें कांहीं उपजण्याचा मुख्य मार्ग नकलेंतूनच जातो असें त्यांत जोरानें प्रतिपादन केलें. सन १९९९ मध्यें आणखी एक गति दाखविण्यांत आली. मूळ जनुकाकडे दोन कामें असलीं, तर एका प्रतींत पहिलें काम बिघडतें व दुसरींत दुसरें. मग दोघींवांचून चालत नाहीं आणि दोघी टिकतात. भावाभावांनीं वडिलोपार्जित जमीन वांटून घ्यावी, एकाकडे विहीर यावी व दुसऱ्याकडे खळें, म्हणजे कोणालाच गांव सोडतां येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार आहे.

आतां ओडिशाच्या त्या भाताकडे वळूं. तेथील धालपुटिया नांवाच्या जुन्या जातींतून निवड करून एफआर १३ए ही जात काढण्यांत आली होती. ही बुडिताला दाद देत नाहीं हें पुष्कळ वर्षें माहीत होतें, परंतु तिचें उत्पन्न बेताचें व दाणा सामान्य, त्यामुळें शेतकरी तिला फारसे विचारीत नसत. सन १९९६ मध्यें केनाँग शू व डेव्हिड मॅकिल यांनीं तिचा हा गुण ९ व्या गुणसूत्राच्या एका ठराविक भागांत आहे असें दाखविलें. त्या जागेस ‘सब१’ असें नांव आहे. पुढें पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेंत, फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या सहकार्यानें, तो भाग अक्षरशः वाचण्यांत आला, व सन २००६ मध्यें निकाल प्रसिद्ध झाला. त्या जागीं एकाच घराण्याचीं तीन जनुकें शेजारीं शेजारीं आहेत. दोन, म्हणजे ‘ब’ व ‘क’, सर्व भातांत सांपडतात. तिसरें ‘अ’ हें कांहीं थोड्याच जातींत आहे, व तें ‘ब’ ची नक्कल होऊन जन्मलें असें त्याच्या मजकुरावरून दिसतें. या ‘अ’ चेहि दोन पोटप्रकार असून खरें काम देणारा त्यांतील एकच आहे.

हें ‘अ’ करतें काय? भाताचें रोप बुडालें म्हणजे त्याच्या अंगांत एथिलीन नांवाचा वायु सांचतो व तो रोपास ताबडतोब लांब वाढावयास सांगतो. पाणी चार दिवसांचें असलें व शेंडा वर पोंचला तर ठीक. पण पाणी खोल असलें तर रोप अंगांतील सर्व सांठा, पिष्ट व साखर, या धडपडींत खर्चून टाकतें आणि पाणी उतरल्यावर उभें राहण्यास त्याजवळ कांहींच उरत नाहीं. ‘क’ जनुक या वाढीस साह्य करतें. ‘अ’ नेमकें उलट वागतें: तें वाढीचा हुकूम दाबून धरतें, रोपास जवळजवळ झोंपवून ठेवतें, व सांठा राखतें. पाणी गेलें कीं त्या सांठ्यावर नवीं पानें फुटतात. म्हणजे मूळ घराण्याचा हुकूम एक, व नकलेचा हुकूम त्याच्या विरुद्ध.

याच कुळांतील दुसरी एक शाखा आणखी निराळ्या वाटेनें गेली आहे. बांगला देश व थायलंड यांच्याकडे महिनेच्या महिने पुरुषभर पाण्यांत उभें राहणारें खोल पाण्याचें भात असतें. तें पाण्याबरोबर दिवसाला वीत-सव्वा वीत, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत वाढूं शकतें. त्याच्या अंगीं १२ व्या गुणसूत्रावर ‘स्नॉर्केल’ नांवाचीं दोन जोड जनुकें असल्याचें जपानमधील शास्त्रज्ञांनीं सन २००९ मध्यें दाखविलें. तीं ‘सब१’ च्याच भाऊबंदांपैकीं आहेत. एक भाऊ म्हणतो थांब, दुसरा म्हणतो वाढ. आणि दोघांचें म्हणणें आपापल्या पाण्यापुरतें खरें आहे. पूर येऊन पंधरवड्यांत ओसरतो तेथें पहिल्याचें ऐकावें, पाणी चार महिने हलत नाहीं तेथें दुसऱ्याचें.

सन २००६ च्या शोधानंतर फार वेळ गेला नाहीं. आंध्रांतील मारुटेरू येथें निघालेली ‘स्वर्णा’ ही जात पूर्व भारतांत लक्षावधि शेतकरी लावीत होते. तिच्याशीं एफआर १३ए चें तें जनुक संकरानें जोडून, पुन्हां पुन्हां स्वर्णाशींच संकर करून, व प्रत्येक पिढींत गुणसूत्र तपासून निवड करून ‘स्वर्णा-सब१’ तयार झाली आणि सन २००९ मध्यें भारतांत लागवडीसाठीं प्रसृत झाली. पूर न आल्यास तिचें उत्पन्न मूळ स्वर्णाइतकेंच येतें. बाहेरचें जनुक कृत्रिम रीतीनें घालून ती केलेली आहे असा कांहीं लोकांचा समज दिसतो, तो खरा नव्हे. भाताचेंच जनुक भातांत, नेहमींच्या परागसंकरानें आलेलें आहे. तपासणीची युक्ति तेवढी नवी. ती संकरित नसून सरळ जात असल्यामुळें चोख राखल्यास तिचें बी शेतकऱ्यास घरीं ठेवतां येतें. तिच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. सबंध रोप बुडून साधारण दोन आठवड्यांच्या आंत पाणी उतरलें तरच हा गुण कामास येतो. कंबरभर पाणी हंगामभर सांचून राहत असेल, किंवा पेरलेलें बी उगवण्यापूर्वींच बुडालें, तर या जनुकाचा भरंवसा धरूं नये. आणि पाणी खारें असेल तर गोष्टच निराळी.

त्या खाऱ्या पाण्याविषयीं लिहिल्यावांचून आमच्याच्यानें पुढें जाववत नाहीं. आम्ही राहतों त्या मालाडच्या पश्चिमेस खाडी आहे, व तिच्या आसपास मार्वे-मनोरीकडे बांध घालून समुद्रापासून राखलेलीं खाचरें एके काळीं सर्वांच्या परिचयाचीं होतीं. आज मालाडांत भाताचें खाचर शोधावें लागतें. भरती अडवून ठेवलेल्या जागेवर इमारती उभ्या आहेत. दिनांक २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां पाणी आपली जुनी वहिवाट विसरलेलें नाहीं हें सर्वांस दिसलें. परंतु ठाणें, पालघर व रायगड या जिल्ह्यांत खारी जमीन अद्याप लागवडीस आहे. उत्तर कोकणच्या जुन्या दप्तरांत अशा उठवलेल्या जमिनींच्या धाऱ्यास ‘शिलोत्री’ असा स्वतंत्र शब्दच होता. अशा जमिनींत ‘राता’ या नांवाचें जाडें तांबडें भात लावीत. ‘काळा राता’ व ‘भुरा राता’ हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचें खार जमीन संशोधन केंद्र पनवेल येथें असून त्यानें ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ व ‘पनवेल ३’ या खारवट जमिनीसाठींच्या जाती दिल्या आहेत.

मीठ रोपास मारतें तें असें: मिठांतील सोडियम पाण्याबरोबर मुळांतून आंत शिरतो, चढत चढत पानांत पोंचतो व तेथें सांचून पानें शेंड्याकडून करपवतो. यावर भाताजवळ एक तोड आहे. पाणी वर नेणाऱ्या नळ्यांच्या भोंवतीं एक प्रथिन बसलेलें असतें. तें वर जाणाऱ्या पाण्यांतून सोडियम परत ओढून घेतें आणि पानांस तेवढें गोडें पाणी पोंचूं देतें. हें काम करणारें जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे असें चिनी शास्त्रज्ञांनीं सन २००५ मध्यें दाखविलें, तें बंगालकडील ‘नोना बोकरा’ या खाऱ्या जमिनींतील जुन्या भाताच्या साह्यानें. केरळांतील ‘पोक्काळी’ भाताचा खारसहनाचा गुणहि पहिल्याच गुणसूत्राच्या त्याच भागाशीं बांधलेला आहे.

आतां नकलेचा संबंध येतो. हें जनुक एकटें नाहीं. भातांत या कुळाचीं जातीपरत्वें आठ-नऊ जनुकें आहेत, व तीं सर्व जुन्या नकलांतून वाढलेलीं आहेत. एका शाखेचीं प्रथिनें केवळ सोडियम वाहतात, दुसऱ्या शाखेचीं बहुधा सोडियम व पोटॅशियम दोन्हीं. हा कामाचा फरक मुख्यतः प्रथिनाच्या सांखळींतील एकाच ठराविक कडीमुळें पडतो असें आढळलें आहे. शेंकडों कड्यांच्या सांखळींत एक कडी बदलली व नळाला दुसरें पाणी आलें! कांहीं नकला मुळांच्या टोकांत काम करतात, कांहीं नळ्यांभोंवतीं. एखादी रद्दी होऊन पडलेली आहे. ‘नोना बोकरा’ मध्यें तर सन २०१२ च्या सुमारास असें दिसलें कीं, शेजारच्या दोन नकलांमधला मजकूर गळून एकीचें डोकें व दुसरीचें धड मिळून तिसरेंच जनुक झालें आहे. उताऱ्याच्या दोन पानांतून मधला भाग फाटून जावा आणि उरलेल्या ओळी जुळून अर्थपूर्ण वाक्य व्हावें, असें कचेरींत कधीं घडलेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

गव्हाकडे पाहिलें तर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडलेली दिसते. खपली व बन्सी या गव्हांत दोन निराळ्या गवतांचीं दप्तरें एकत्र असून गुणसूत्रें २८ आहेत. पोळीचा साधा गहू झाला तो अशा एका गव्हाशीं तिसऱ्या एका रानगवताचा संकर होऊन, सुमारें आठ ते दहा हजार वर्षांपूर्वीं. त्याचीं गुणसूत्रें ४२ आहेत. तिसऱ्या गवतानें जें आणलें त्याचा अनुभव प्रत्येक घरांत जात्यावर येत असे. दाणा मऊ ठेवणारीं दोन जनुकें पहिल्या दोन दप्तरांतून पूर्वींच गळालीं होतीं, म्हणून बन्सीचा दाणा अति कठीण असतो व त्याचा रवा उत्तम निघतो. तिसऱ्या दप्तरांतून तीं जनुकें परत आलीं, म्हणून साध्या गव्हाचें पीठ मऊ पडतें. खारसहनाचेंहि तसेंच. वर सांगितलेल्या सोडियम अडविणाऱ्या जनुकाची एक प्रत तिसऱ्या दप्तरांत आहे, त्यामुळें साधा गहू खारवट जमिनींत बन्सीच्या वर्गापेक्षां बरा तगतो. ऑस्ट्रेलियांत या कठीण गव्हांत एका प्राचीन गव्हाची तशीच प्रत संकरानें आणली, तेव्हां खाऱ्या शेतांत उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत वाढलें असें सन २०१२ मध्यें प्रसिद्ध झालें. मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या पाटाखालील जमिनी खारावत चालल्या आहेत, तेथील बागाइतदारांनीं या बातमीकडे अवश्य लक्ष द्यावें.

खपलीविषयीं एक गोष्ट अभिमानाची म्हणून सांगतों. तांबेऱ्याचे निरनिराळे वंश ओळखण्यासाठीं अमेरिकेंत स्टॅकमन यांनीं जो गव्हांचा संच ठरविला होता, त्यांत ‘खपली’ याच मराठी नांवाचा गहू होता. कारण पुष्कळ वंशांस ती दाद देत नसे. रोगप्रतिकाराचीं जनुकें हें तर नकलांचें माहेरघरच आहे. भातांत अशा एका प्रकारच्या जनुकांची संख्या सुमारें ५०० भरते, व त्यांतलीं पुष्कळ रांगेनें एकमेकांस लागून आहेत. बुरशी रूप बदलते, झाड नकला काढून त्यांत फरक करतें, बुरशी पुन्हां बदलते. असा हा खटला कधींच निकालांत निघत नाहीं.

कपाशीचें फार लांबवीत नाहीं. देशी कपाशीचीं गुणसूत्रें २६, अमेरिकन कपाशीचीं ५२. दुसरी दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीं दोन निराळ्या कपाशींच्या संकरांतून झाली. सन २००३ मध्यें तिच्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती तपासल्या, तेव्हां फुलाच्या एका भागांत एकच प्रत बोलते व दुसऱ्या भागांत दुसरीच, असें दिसलें. पुढें त्याच जनुकाची एक प्रत रोप बुडालें असतां व दुसरी थंडी पडली असतां काम करते, असेंहि आढळलें.

नकलांचा लाभ केवळ पिकांसच होतो असें मात्र समजूं नये. अमेरिकेंत जॉर्जिया संस्थानांत आपल्या माठाच्या कुळांतील एक तण ग्लायफोसेट या तणनाशकानें मरेनासें झालें. तें औषध झाडाच्या एका ठराविक प्रथिनास बांधून टाकतें. सन २०१० मध्यें त्या तणाचें दप्तर पाहिलें, तेव्हां त्या प्रथिनाच्या जनुकाच्या कांहीं रोपांत ५, तर कांहींत १६० हून अधिक नकला निघाल्या. नकलेंत अक्षर बदललें नव्हतें. केवळ संख्येच्या बळावर प्रथिन इतकें झालें कीं औषध पुरेना. वर्षानुवर्षें एकाच औषधावर विसंबणाऱ्या शेतकऱ्यानें अशा तणाची निवड आपल्या हातानें केली, असेंच म्हणावें लागेल. आमच्याकडे बांधावर व कपाशींत हेंच औषध सर्रास मारतात, म्हणून औषध आलटून पालटून वापरणें व खुरपणी अजीबात न सोडणें हेंच आम्हांस शहाणपणाचें वाटतें.

जुन्या बियाण्याकडे पाहण्याची आपली नेहमींची रीत अशी कीं, चांगल्या वर्षीं किती खंडी पिकलें तें पाहावयाचें. धालपुटिया या कसोटीला कधींच उतरली नसती. जी नक्कल पंधरवड्याच्या बुडितांतच बोलते, किंवा खारें पाणी चढल्यावरच जागी होते, ती सुकाळाच्या वर्षीं दिसणार कशी? ती दिसते बाजूच्या दहा खाचरांतील पीक गेल्यावर. म्हणून ज्या सभासदांकडे रात्याचें, खपलीचें किंवा अशाच एखाद्या स्थानिक जातीचें वडिलार्जित बी अद्याप आहे, त्यांनीं दरसाल निदान एक-दोन गुंठ्यांत तें लावून जिवंत ठेवावें. कणगींत बी दोन-तीन पावसाळ्यांपेक्षां जास्त भरंवशाचें राहत नाहीं. कोणत्या सालीं पाणी किती दिवस राहिलें व तें पीक कसें निघालें, याची चार ओळींची टांचण बियाण्याबरोबर ठेवावी.

अशा जातीची नोंद सरकारांतहि करतां येते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा सन २००१ चा आहे. त्याअन्वयें शेतकऱ्यास किंवा गांवच्या समुदायास आपली जात स्वतःच्या नांवें नोंदवितां येते. शेतांत पिकविलेलें बी राखणें, पेरणें, दुसऱ्याशीं बदलणें व छाप न लावतां विकणें, हा हक्कहि त्या कायद्यानें शेतकऱ्याकडे ठेवला आहे. नोंदणीच्या कामीं शेतकऱ्याकडून फी घेतली जात नाहीं.